भोंग्याला पाट

त्यांनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. आधी मी ‘टेप’ होतो आणि पुढं बढती मिळून ‘भोंगा’ झालो. त्या बढतीची ही हकिकत. ती सांगताना त्यांचं जितकं कौतुक होईल तितकी माझी शोभा होणार आहे, पण त्याला इलाज नाही. आमच्या ओळखीचा पायाच माझ्या फजितीवर घातलेला होता.

मास्तर म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमधले बँडमास्तर. लग्नाच्या वरातीत पुढं चालत क्लॅरिनेट वाजवणारे. त्यांच्या गाळ्याच्या एका अंगाला पापडवाला आणि दुसऱ्या अंगाला जीन्स शिवणारा कारखाना. मधल्या चिंचोळ्या जागेत खुंट्यांवर लाल कोट टांगलेले, आणि ढोलावर बसून मास्तर दुपारचं जेवत असायचे. स्वतः घरात चोख मराठी बोलणारे, पण जन्म सिंधी शेजाऱ्यांत गेलेला, त्यामुळे गल्लीतल्या पोरापासून आमच्या कंपनीच्या जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ‘साईं’. कोपऱ्यावरच्या कुत्र्यालासुद्धा ते ‘चल साईं, बाजूला हो’ म्हणत, आणि ते व्हायचं.

लाल कोट, सोनेरी फिती, खांद्यावर झालरी. हा पोशाख लग्नापुरता नव्हता. ऐन मे महिन्यात, सगळं उल्हासनगर बनियनवर फिरत असताना, मास्तर गळ्यापर्यंत बटणं लावून भाजी घ्यायला निघत. “कोट काढला की सूर उतरतो,” असं त्यांचं म्हणणं. क्लॅरिनेटच्या पेटीत ते जेवणाचा डबा ठेवायचे. सकाळची डाळ-पकवान त्याच पेटीत, मखमलीला टेकून. त्यामुळे त्यांनी कितीही करुण काही वाजवलं तरी पुढं बसलेल्या माणसाला भूक लागायची.

दुसऱ्याच्या कार्यात ते कधी जेवले नाहीत. वरातीत तीन तास नाचवलेल्या बँडवाल्यांना मागच्या दारानं बोलावून, मंडप रिकामा झाल्यावर उरलंसुरलं वाढायचं, ही पद्धत त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी एकदाच चाखली होती. “पाट मांडत नाही तिथं पान नको,” एवढंच ते बोलायचे आणि पेटी उघडायचे.

आपल्या वादकांना मात्र ते वाद्याच्याच नावानं हाका मारत. ए ढोल, ए कॉर्नेट, ए झांज. झांज म्हणजे त्यांचा सख्खा जावई. मुलगी माहेरी आली की ते विचारायचे, “आमची झांज बरी आहे ना गं?” ती बिचारी म्हणायची, “हो बाबा, जरा सर्दी झालीय.”

कुठल्याही खोलीत शिरले की आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. आमच्या कंपनीच्या कँटीनला ते म्हणाले, “भोळी आहे.” युनियनच्या ऑफिसची भिंत वाजवून म्हणाले, “खोटं बोलते.” माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा स्वयंपाकघराची भिंत वाजवून माझ्या बायकोला विचारलं, “वहिनी, तुमचं या माणसासमोर काही चालतच नाही का? भिंत दबलेली आहे.” बायकोनं त्यांना दोनदा चहा दिला. ती भिंत ओलीमुळं फुगली होती, हे मी सांगायला गेलो तर मला दोघांनीही गप्प बसवलं.

त्यांच्याबद्दल उल्हासनगरात सांगितली जाणारी सगळ्यात मोठी गोष्ट रेल्वे फाटकाची. वरात फाटकाशी अडली होती. गाडीनं लांबून हॉर्न दिला. मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला, ऐकलं, आणि हॉर्न जिथं संपला तिथून क्लॅरिनेट उचललं. गाडी गेली, फाटक उघडलं, पण मास्तर हलेनात. म्हणाले, पुढची गाडी येऊ दे, मघाशी कॉर्नेट उशिरा आला. घोड्यावरचा नवरदेव ओरडतोय, करवल्या ओरडतायत, मुहूर्त टळायला आलाय, आणि हे फाटकाशी उभे. नवरदेवाच्या मामानं त्यांची कॉलर धरली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “आवाजाला हाकलू नये, साईं. आवाज दारात आला की त्याला बसायला पाट द्यावा.”

त्यांना त्या हंगामात कमी वराती मिळाल्या, हे वेगळं सांगायला नको.

आता माझ्याकडं यायला हवं. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला होतो, आणि आमच्या कामगारांच्या नाटकमंडळात ‘संगीत संयोजक’. म्हणजे विंगेत टेपरेकॉर्डर घेऊन बसायचं आणि दिग्दर्शकांनी भुवई उडवली की बटण दाबायचं. आमचे दिग्दर्शक क्वालिटी कंट्रोलला होते. त्यांच्या तोंडी कायम ‘शास्त्रशुद्ध’ हा शब्द. माझी निवडसुद्धा त्यांनी शास्त्रशुद्ध केली होती: मला अभिनय येत नाही, नेपथ्य उचलवत नाही, तेव्हा बटण.

वसाहतीतल्या कारखान्यांची नाट्यस्पर्धा दरवर्षी व्हायची. त्या वर्षी आमच्या नाटकात मुलगा मरतो आणि आई त्याच्या उशाशी बसते. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. भुवई उडाली. मी बटण दाबलं. सारंगीचे सूर यायचे होते, पण कॅसेट उलटी लागलेली. त्या बाजूला भाचीच्या बारशाचं रेकॉर्डिंग. मेलेल्या मुलाच्या आईसमोर माझ्या आत्याचा खणखणीत आवाज घुमला, “अगं, पेढे कमी पडले गं!” मी घाबरून आवाज बंद करायच्या ऐवजी वाढवला. प्रेत हसलं. परीक्षकांपैकी एक तर उठून बाहेर गेले आणि बराच वेळ त्यांचे फक्त खांदे हलताना दिसत होते.

पुढच्या वर्षी मंडळानं ठराव केला: टेप नको, जिवंत वादक आणा, आणि ते आणायची शिक्षा मलाच. शास्त्रीय गाणारे आमच्या खिशाला परवडेनात. चातुर्मास होता, लग्नं नव्हती, म्हणून बँडवाले मोकळे. मी कॅम्प चार गाठला आणि ढोलावर बसलेल्या मास्तरांना सगळं सांगितलं, बारशासकट. ते इतके हसले की डबा सांडला.

“पैसे नकोत,” ते डोळे पुसत म्हणाले. “एक अट आहे. चाली माझ्या. नवीन. कुठल्या सिनेमाच्या नाहीत. आणि पडदा उघडायच्या आधी माइकवरून माझं नाव घ्यायचं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट. आणि त्याच्या आधी म्हणायचं ‘संगीत दिग्दर्शक’. बँडवाले म्हणायचं नाही.”

“छापीलसुद्धा टाकू की मास्तर, पत्रकात.”

“कागदावर नको. कागदात लोक भजी बांधतात. नाव ऐकायचं असतं, साईं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नवरदेवांची नावं माइकवर ऐकतोय. माझं कुणी घेतलं नाही. तू घेशील?”

“घेईन.”

“वचन?”

“वचन.”

“बघ हं, टेप. उलटी बाजू लावू नको.”

(कागदावर नको म्हणाले, म्हणूनच ते नाव मी इथंही लिहीत नाही.)

नाटक दिग्दर्शकांनीच लिहिलेलं होतं. भातशेती कारखान्यात गेलेली एक बाई. तिचा नवरा त्याच कारखान्यात कामाला लागतो, आणि ती रोज फाटकाबाहेर, जिथं पूर्वी तिचा बांध होता तिथं, त्याची वाट बघत उभी राहते. ते काम बदलापूरकडच्या एक बालवाडीच्या शिक्षिका करत. आगरी घरातल्या, आवाज शेतावरून शेतावर पोचेल असा. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. मला त्यात हवालदाराची भूमिका होती. वाक्य एकच: “बाई, इथं उभं राहायचं नाही.” दिग्दर्शक म्हणाले, यात चूक करायला फारसा वाव नाही.

तालमी आमच्या कँटीनमध्ये, रविवारी. पहिल्याच दिवशी मास्तरांनी बाईंना विचारलं, “शेतावर काय गाता?”

“गानं नाय ओ. आमची आई भाताची लावनी लावताना नुसती हुंकार भरायची. पाठ वाकलेली, गायला दम कुठला?”

“तो हुंकार द्या.”

बाईंनी तोंड मिटून एक ओळ गुणगुणली. चार-पाच सुरांची, चिखलात पाऊल टाकावं तशी थबकत जाणारी. मास्तरांनी कोटाचं वरचं बटण काढलं. ते बटण निघालेलं आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. झांजेनं माझ्या कानात सांगितलं, “सासऱ्यांना आवडलं.”

अडचण एकच होती, आणि ती जुनी होती. स्पर्धेचं सभागृह पत्र्याच्या छपराचं, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून एक रसायनाचा कारखाना. त्याचा भोंगा दुपारी तीनला पाळी बदलताना वाजायचा. नुसता वाजायचा नाही, पत्र्यातून आत यायचा आणि प्रत्येकाच्या मांडीवर बसायचा. दुपारी ज्याचं नाटक, त्याचं वाटोळं. एका मंडळाच्या शिवाजीराजांनी तलवार उपसली आणि भोंगा झाला, पब्लिकमधून कुणीतरी ओरडलं, “राजं, सुटी झाली!” त्यामुळे चिठ्ठ्या टाकताना सगळे देवाला हात जोडायचे. आमच्यातर्फे चिठ्ठी मी उचलली. दुपारी दोन.

दिग्दर्शकांनी चष्मा काढून कपाळाला हात लावला. “शांत प्रवेश बरोब्बर तीनला येतो. शास्त्रशुद्ध वाट लावलीस.”

पण मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “शाबास, टेप!”

मला तो टोमणा वाटला. मी तो मनाला लावून घेतला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

त्या रविवारपासून मास्तरांचं एक विचित्र सुरू झालं. तीन वाजत आले की ते तालीम टाकून कँटीनमागच्या कंपाउंडला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आता, भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माणूस दिसला की सभ्य माणूस दुसरीकडे बघतो. मी सभ्य. वय झालंय, त्रास असेल, असं म्हणून मी एकदा त्यांना हळूच धण्याचं पाणी प्यायला सांगितलं. “तूच पी, टेप,” म्हणून ते परत भिंतीकडं वळले.

शिवाय त्यांनी सगळी वाद्यं जराशी खाली उतरवली. ढोल सैल, क्लॅरिनेट ओढून लांब केलेलं. दिग्दर्शकांनी दोन वर्षं पेटी शिकलेली, ते तडकले. “मास्तर, हे बेसूर आहे!”

“कशाच्या मानानं बेसूर?” मास्तरांनी विचारलं.

दिग्दर्शकांना बाजूला नेऊन त्यांनी काहीतरी सांगितलं. तेव्हापासून दिग्दर्शक गप्प. मला वाटलं, बिचाऱ्यानं नाद सोडला. आणि तो फाटकाबाहेरचा प्रवेश सुरू होणार म्हटलं की मला चहा आणायला पाठवायचे. दर रविवारी. चहा आणून बघावं तर प्रवेश संपलेला आणि सगळे माझ्याकडं बघून हसत असलेले. मला वाटलं, चहावाला चांगला मिळाला म्हणून खूश आहेत.

खरी गोष्ट मला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. मला सांगितली नव्हती कारण माझ्या पोटात काही राहत नाही. मला सांगितलं असतं तर सोमवारी दुपारच्या पाळीपर्यंत स्पर्धेतल्या सगळ्या मंडळांना कळलं असतं. हे म्हणणं अन्यायाचं होतं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

इकडं मी माझा उद्योग चालवला होता. माझा साडू त्याच रसायनाच्या कारखान्यात टाइम ऑफिसला. त्याला मी घरी बोलावलं, कोंबडी खाऊ घातली आणि गळ घातली: स्पर्धेच्या रविवारी तीनचा भोंगा वाजू देऊ नकोस. “नुसते घड्याळावर सुटा की एक दिवस!” दुसऱ्या तंगडीवर तो विरघळला. बॉयलरवाल्याला ‘वरून हुकूम आहे’ म्हणून सांगतो म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी एक गोष्ट पोटात ठेवली. कुणाला म्हणून कुणाला सांगितली नाही. कॅसेटचा डाग मला एका झटक्यात, सगळ्यांच्या देखत धुवायचा होता.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेलं. इतर कारखान्यांतले, लवकर सुटलेले पहिल्या पाळीचे लोक घरी न जाता आलेले, तिसऱ्या पाळीचे झोप मोडून. पडद्याच्या एका अंगाला मास्तर आणि त्यांची तीन माणसं लाल कोटात. त्यांच्या शेजारीच मी, हवालदाराच्या खाकी वेषात, माइकसमोर. नावं वाचायची जबाबदारी माझी. माइक चालू करण्याआधी मी मास्तरांकडं वाकलो.

“मास्तर, आता तुमचं नाव घेतो. पूर्ण. वडिलांच्या नावासकट. आणि वर एक भेट.”

“काय?”

“आज भोंगा वाजणार नाही!”

मला वाटलं, मिठी मारतील. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ढोलानं टिपरू खाली ठेवलं. विंगेतून दिग्दर्शक “काय? काय म्हणाला हा?” करत आले, आणि बाई पदर खोचता खोचता जागीच थांबल्या.

“टेप,” मास्तर अगदी हळू म्हणाले, “अरे, भोंगा आपल्या नाटकात आहे.”

मग मला एका दमात सगळं कळलं. भिंतीकडं तोंड करून ते लांबून येणाऱ्या भोंग्याचा सूर घेत होते. वाद्यं त्याच सुरात उतरवली होती. फाटकाबाहेर बाई उभी, मागं बँड हळूहळू एका सुरावर गोळा होणार, त्या सुरात भोंगा येणार, आणि भोंगा थांबला की त्याच सुरातून बाईंचा हुंकार उठणार. सगळी चाल त्या भोंग्यावर उभी होती. भोंगा नाही, तर खांब काढलेला मांडव.

“ढोलावर ऊऽऽ करू या,” झांज म्हणाली. मास्तरांनी जावयाकडं असं पाहिलं की तो पुन्हा झांज झाला.

“हा माणूसच कॅसेट आहे,” दिग्दर्शक माझ्याकडं बोट दाखवत होते, “लावावा तेव्हा उलटा!”

मी म्हणालो, “मी जातो. मी वाजवायला लावतो. माझा प्रवेश त्यानंतरच आहे. आधी नावं वाचतो, मास्तर, तुमचं नाव...”

“नाव राहू दे.”

“मास्तर, वचन...”

“नाव राहू दे म्हणतो ना! माझं नाव घेऊन भोंगा वाजणार आहे का? पळ!”

चाळीस वर्षांनी माइक समोर होता, माणसं भरलेली होती, आणि ते मला हाकलत होते. मी पळालो. मागं दिग्दर्शकांनी घाईघाईनं नावं वाचलेली मला दारातून ऐकू आली. त्या गडबडीत त्यांनी संगीत वगळलं.

कारखाना भिंतीपलीकडं, पण त्याचं फाटक अख्ख्या वसाहतीला वळसा घालून. सायकल काढली. आधी साडूच्या क्वार्टरवर गेलो, कारण हुकूम त्याचा. साडू बारवी धरणावर मासे धरायला गेलेला. परत फिरलो तर चिखलात चेन उतरली. ती चढवून, हात काळे करून, फाटकाशी पोचलो, तर वॉचमन मला पाहून ताडकन उभा राहिला. मी खाकीत होतो हे मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता.

“साहेब, बसा. चहा घ्या.”

“चहा नको, मला आत...”

“असं कसं साहेब? शिफ्ट इनचार्जना बोलावतो. बसा.”

चहा आला. माझ्या आयुष्यात चहानं जेवढा घात केला तेवढा कुणी केला नाही. इनचार्ज येईना. घड्याळ तीनवर गेलं. तीन ओलांडले. फाटकाच्या आत सुटणारे कामगार कार्ड हातात धरून उभे, बाहेर येणारे उभे. भोंगा नाही म्हणून कुणी हलेना. शेवटी मी उठून बॉयलरच्या धुराड्याकडं सरळ पळत सुटलो.

बॉयलरपाशी इनचार्ज बॉयलरवाल्यावर ओरडत होता. “भोंगा का नाही दिला?”

“वरून हुकूम हाय साहेब, मी काय करू?”

“वरून कुठून? कुणाचा हुकूम?”

बॉयलरवाल्यानं मला धावत येताना पाहिलं. खाकी, घामाघूम, काळे हात. त्याचा चेहरा उजळला. “ह्ये बघा! पोलीस हायत ह्ये! मी बोल्लो नव्हतो?”

इनचार्ज एकदम मऊ झाला. “साहेब, बंदोबस्त वगैरे आहे का? आता वाजवायला हरकत नाही ना?”

मी आयुष्यात हुकूम दिलेला नाही. घरी तर नाहीच, मास्तरांना ती भिंत काही का सांगेना. पण त्या क्षणी पोटातून आवाज आला, “वाजवा!”

“मोटा का रोजचा?” बॉयलरवाल्यानं विचारलं. “मी इतकी वर्सं वाजवतो, आजपावेतर कोनी वाजव म्हनून सांगाया नाय आला. तुमी म्हनाल तर मोटा देतो.”

“रोजचा! अगदी रोजचा!”

त्यानं साखळी ओढली.

माझ्या नाट्यजीवनातला सगळ्यात मोठा क्षण हा असा, आणि तो मी बॉयलरशेजारी कानात बोटं घालून उभा असताना भिंतीपलीकडं होऊन गेला. तो मी पाहिलेला नाही. पाहिलेल्यांनी इतक्यांदा सांगितलाय की आता मीही पाहिल्यासारखा सांगतो.

बाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. बँड त्या एका सुरावर गोळा झाला होता आणि भोंगा येत नव्हता. मास्तरांनी बोट फिरवलं: पुन्हा. तीच ओळ पुन्हा. बाईंनी पदर सारखा केला, दोन पावलं पुढं गेल्या, मागं आल्या. पुन्हा बोट. दिग्दर्शक विंगेत नखं खात होते. पण झालं असं की लोकांना तीनचा भोंगा पाठ होता. पोटाला कळतो तसा तो त्यांना कळायचा. ती वेळ टळून गेली, आणि सभागृहातल्या एकेका माणसाची मान हळूहळू वर व्हायला लागली. भोंगा का नाही झाला? अपघात झाला की बायकामुलं जशी फाटकाकडं बघत राहतात तशी ती सगळी माणसं बाईंच्या बरोबर वाट बघायला लागली. हे मास्तरांच्या चालीत नव्हतं. हे माझ्या कोंबडीतून आलं होतं.

आणि मग पत्र्यातून भोंगा आत आला.

सवयीनं मागच्या रांगेत एक हसू फुटलं, आणि अर्ध्यावर विरलं. कारण तो आवाज कुणाच्या मांडीवर बसला नाही. क्लॅरिनेट, कॉर्नेट, ढोल, सगळे आधीच त्याची वाट बघत त्याच सुरावर उभे होते. भोंगा आला आणि त्यांच्या मधोमध आपल्या जागी बसला. रोज हाकलून काढणारा तो आवाज त्या दिवशी गायला. आणि तो थांबला तेव्हा, त्याच सुरातून, तोंड मिटून, बाईंचा हुंकार वर आला. ढोलवाला सांगायचा, त्याच्या पुढ्यात बसलेला एक दांडगा फिटर दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसला होता, उडून जाईल अशी.

इकडं मी. प्रवेश माझा होता. फाटकानं वळसा घालायला वेळ नव्हता. बॉयलरवाल्यानं मला खांद्यावर घेतलं आणि भिंतीवर चढवलं. भिंतीवर काचा होत्या. पँटचा मागचा भाग मी तिथं ठेवला, एक बूट पलीकडं पडला, आणि मी अलीकडं. स्टेजचं दार आतून बंद. तेव्हा पब्लिकच्या दारातून आत शिरलो आणि मधल्या वाटेनं लंगडत स्टेजकडं निघालो. बाई तोवर हुंकार दुसऱ्यांदा घेत होत्या, हवालदार येत नाही म्हणून. मी स्टेजवर चढलो. दम लागून तोंडातून शब्द फुटेना.

“बाई... इथं...” मी म्हणालो, “उभं... राहायचं...”

पुढचं “नाही” आलंच नाही.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, आणि नाटकात नसलेलं वाक्य टाकलं. “तूच बस रं दादा. दमलास.”

टाळ्या पत्रे हलवून गेल्या. नंतर एका परीक्षकांनी जाहीरपणे सांगितलं की सत्तेच्या पायातलं बळ संपल्याचं इतकं सूचक चित्रण त्यांनी पाहिलं नव्हतं, विशेषतः फाटकी पँट.

संध्याकाळी बक्षिसं. नाटक पहिलं आलं. मग मुख्य परीक्षक माइकवर आले. “संगीत दिग्दर्शन, प्रथम.” आणि मी मघाशी त्यांच्या कानात सांगून ठेवलेलं नाव त्यांनी घेतलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.

मास्तर जागचे हलले नाहीत.

“मास्तर, तुमचंच,” ढोल कुजबुजला.

“ठाऊक आहे.” मग मोठ्यानं, “नीट ऐकू नाही आलं, साईं! एकदा परत!”

परीक्षकांनी परत घेतलं.

“तिकडं मागं, पत्र्याखाली माणसं उभी आहेत! त्यांना पण जाऊ दे!”

तिसऱ्यांदा घेतलं. या खेपेला सभागृहानंही बरोबर घेतलं, पहिल्या पाळीनं आणि तिसऱ्या पाळीनं. तेव्हा मास्तर उठले. कोटाची सगळी बटणं लावली. स्टेजवर चढून आधी बोटाच्या पेरानं फळी वाजवली, ऐकलं आणि मान डोलावली. मग बक्षीस घेतलं आणि माइक सोडला नाही.

“यांची पण नावं आहेत,” ते म्हणाले.

आणि त्यांनी ढोलाचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कॉर्नेटचं घेतलं. झांजेचं घेतलं तेव्हा जावई रडायलाच लागला. सासऱ्यांना आपलं नाव ठाऊक आहे हे त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच कळत होतं. मग बाईंचं. मी विंगेत कमरेला टॉवेल गुंडाळून उभा होतो. मास्तरांची नजर माझ्यावर आली. सभागृह थांबलं. ते आठवत राहिले, कपाळाला आठी घालून, मनापासून प्रयत्न केला त्यांनी.

“आणि हा,” शेवटी ते म्हणाले, “हा आमचा भोंगा.”

त्या दिवशी मंडळानं सभागृहामागं जेवण ठेवलं होतं. बाईंनी पाट आणले होते, बदलापूरहून, घरचे. मास्तर बसले, पहिला घास घेतला आणि पेटी उघडलीच नाही.

पुढं ती चाल वसाहतीत पसरली. तीनचा भोंगा थांबला की फाटकातून आत जाणारे आणि बाहेर पडणारे शीळ घालत तीच ओळ पुढं न्यायचे. हेल्पर, फिटर, एकदा तर तो इनचार्जसुद्धा. कधीमधी मास्तर कॅम्प चारहून मोपेड मारत लाल कोटात फाटकासमोर येऊन उभे राहत आणि ओरडत, “ए! दुसरी ओळ चढली! खाली या, हरामखोरांनो!” मग बाजूला मला बघून, “काय भोंगा, बरं आहे ना?”

बॉयलरवाल्याला वरच्या खिडकीतून कोट दिसायचा. त्या दिवशी तो भोंगा जरा लांबवायचा. मास्तर डोळे मिटून एक बोट हवेत धरून उभे राहायचे, आणि त्यांचं बोट खाली आलं, की भोंगा थांबायचा.